गिरणेचा पूर, प्रकरण एकतिसावं

जळगावात चार वर्षं माझी मतं फार गाजली. ती माझी आहेत, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं.

लोक म्हणायचे, पुस्तकाची पारख करावी तर आमच्या यांनीच. हे म्हणजे माझे यजमान, गावातल्या एका मोठ्या वकिलांचे कारकून. तेच वकीलसाहेब वाचनालयाचे अध्यक्ष. कापसाच्या एका दलालाची पेढी होती, तिच्यावरच्या माडीवर हे वाचनालय. तिथे एक असा नियम होता की तो मी दुसऱ्या कुठल्या गावी ऐकला नाही. माझं माहेर धुळ्याचं. तिथेही वाचनालय होतं, पण तिथे पुस्तक न्यायचं, आणून द्यायचं, संपलं. जळगावात मात्र नवं पुस्तक नेणाऱ्याने ते परत करताना त्यावर अभिप्राय लिहायचा. त्यासाठी टेबलाला सुतळीने एक जाड वही बांधून ठेवलेली होती. वर रविवारी दुपारी सभासद जमले की तो अभिप्राय उभं राहून वाचून दाखवायचा. अभिप्राय नाही तर पुढचं पुस्तक नाही. लोकांनी मनापासून वाचावं म्हणून वकीलसाहेबांनी हा नियम केला होता. लोकांनी त्यातून मनापासून काय शिकून घेतलं ते पुढे येईलच.

यांना वाचनाचा तिटकारा. दिवसभर कोर्टात दावे, कैफियती आणि नकला वाचून डोळे आंबून यायचे, घरी आल्यावर छापील अक्षर दिसलं तरी अंगावर काटा. पण साहेबांनी आपणहून सभासद करून घेतलं, तिथे नाही कोण म्हणणार? पहिलं पुस्तक घरी आलं ते आठ दिवस फडताळात पडून राहिलं. शनिवारी संध्याकाळी हे माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि विचारलं, तू ते वाचलंस ना, मग काय आहे त्यात तेवढं सांग. मी सांगितलं. यांनी ते वहीत उतरवलं, रविवारी वाचून दाखवलं, आणि वकीलसाहेबांनी सगळ्यांसमोर यांच्या पाठीवर थाप मारली.

मी वाचलेलं होतंच. माझे वडील धुळ्याला शाळामास्तर, घरात मासिकं यायची, मला अक्षरं कळायला लागली तेव्हापासून मी वाचत होते. सासरी आले तर घरात छापील कागद म्हणजे वाण्याकडून आलेल्या पुड्या. त्या पुड्याही मी नीट सोडून, सरळ करून वाचत असे. अर्धी जाहिरात आणि पाव बातमी, तरी वाचत असे. अशा बाईच्या घरात आख्खं पुस्तक आपल्या पायाने चालून येऊ लागलं, तर ती काय त्याची पूजा करील?

दुपारचं आवरलं की मी आणि सासूबाई ओसरीवर बसायचो. त्यांना घरात आणि गल्लीत सगळे अक्का म्हणत. अक्का गिरणा नदीकाठच्या, अक्षरओळख नाही, पण कान तिखट. त्या बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या पापडांसाठी, ज्वारी निवडत बसायच्या आणि मी मोठ्याने वाचायची. त्या काळी पुस्तकं छापखान्यातून येत ती पानं जोडलेलीच. सोळा पानांचा एकेक फर्मा दुमडून शिवलेला, कडा बंद. पहिल्या वाचकाने कापत कापत पुढे जायचं. मोठ्या लोकांकडे त्यासाठी हस्तिदंती सुरी असायची म्हणे. आमच्याकडे विळी, आणि विळीवर पुस्तक चिरता येत नाही. म्हणून मी पोळीचं उलथणं घ्यायची. कितीही पुसलं तरी थोडा ओशटपणा राहायचाच, त्यामुळे आमच्या घरून गेलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाच्या कडेला तेलाचा पिवळट डाग. ग्रंथपालांनी यांना दोनदा बजावलं की जेवताना वाचत जाऊ नका. हे घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगत होते, लोक म्हणतात, याला जेवतानाही पुस्तक सुटत नाही.

मतं द्यायला आम्हा दोघींना काही जड गेलं नाही. एक सामाजिक कादंबरी आली होती, तिची नायिका दर प्रकरणाला बेशुद्ध पडायची. पत्र आलं की बेशुद्ध, पत्र नाही आलं की बेशुद्ध. सातव्या वेळी अक्कांनी ज्वारीचं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "ती इतली येळ पडस, तर तिना घरमा चुल्हा कोन पेटाडस?" ह्यावर उत्तर पुस्तकात कुठेच नव्हतं. मी यांना सांगितलं, लिहा, लेखकाला स्त्रीचं हृदय कळलं असेल, पण तिची सकाळ कळलेली नाही. हे वाक्य महिनाभर गावात फिरलं. एका डॉक्टरांनी ते आपल्या व्याख्यानात घेतलं.

दुसऱ्या एका कादंबरीत नायक स्टेशनावर उभा राहून समाजसुधारणेवर भाषण करतो आणि नायिका डब्याच्या खिडकीतून ऐकते. भाषण नऊ पानांचं. मी सांगितलं, बोदवडला गाडी दोन मिनिटं थांबते, ही कुठली गाडी ते लेखकाने टाइमटेबलासह द्यावं, आम्ही तिनेच प्रवास करू. एका आत्मचरित्राचा नायक सत्तराव्या पानावर जन्माला आला, तोवर नुसते पणजोबा. आणि एका फार मोठ्या गृहस्थांचं आत्मचरित्र आलं होतं, त्यात त्यांनी भेटलेले सगळे साहेब, सगळी मानपत्रं, आंब्याच्या कलमांच्या जातीसुद्धा दिल्या होत्या. अक्का दोन दिवस ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्यानी बायको कोठे शे?" मी पानं उलटून मोजली. बायको तीनदा येते. लग्न होतं तेव्हा, आजारी पडते तेव्हा, मरते तेव्हा. तिसऱ्या वेळी लेखकाला फार दुःख होतं, अर्धं पान. तेवढंच मी यांना लिहायला सांगितलं, वर आपलं काही जोडलं नाही. त्या रविवारी म्हणे वकीलसाहेब म्हणाले, वा, काय नजर आहे.

नजर! नजर ओसरीवर बसून ज्वारीतले खडे काढत होती.

हळूहळू यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. आठवडाभर साहेबांच्या मागून दप्तर घेऊन चालणारा माणूस रविवारी दुपारी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, साहेब त्याचं मत विचारायचे, ते डोक्यात गेलं नसतं तरच नवल. माझंच वाक्य मला ऐकवून, तुला यातली खोच कळली का, असं विचारण्यापर्यंत मजल गेली. मी हो म्हणायची. मला पुस्तक हवं होतं, आणि पुस्तक यांच्या हातून येत होतं.

माझं मत यांनी बदललं ते एकदाच. कोणा एका विधवा बाईचं लहानसं पुस्तक आलं होतं, कागद रद्दी, छपाई पुसट. तिने आपल्या घरातल्या साध्या गोष्टी लिहिल्या होत्या. कोणी कोणाला काय म्हटलं, कोण उपाशी राहिलं आणि कोणाला ते कळलं नाही. ते ऐकताना अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मी यांना सांगितलं, लिहा, या वर्षात आलेलं हे सगळ्यांत चांगलं पुस्तक. पुढे कळलं की यांनी वहीत लिहिलं, सामान्य. विचारलं तर म्हणाले, बायकी पुस्तक आहे, मी त्याची स्तुती केली तर लोक काय म्हणतील? मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. यांना वाटलं माझं डोकं दुखतंय.

अशात मुलींच्या शाळेतल्या मुख्य बाईंनी वाचनालयाकडे अर्ज केला, बायकांनाही सभासद करून घ्या. त्या घरोघर सह्या मागत फिरल्या. आठ जणींनी दाराआडूनच नाही म्हटलं. मी सही केली. मला हवं होतं ते एवढंच. माडी चढून जावं, कपाटासमोर उभं राहावं आणि माझं पुस्तक मी निवडावं. यांना निवड कशातली कळायची? जाडजूड आणि पुठ्ठ्याचं दिसलं की आणत.

अर्ज रविवारच्या बैठकीत आला. तिथे काय झालं ते यांनी मला जेवताना सांगितलं, पोळीचा तुकडा मोडत मोडत. एक पेन्शनर मामलेदार होते, समितीत त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, वाचायला बायकांना कोणाची ना नाही, पण इथे अभिप्राय द्यावा लागतो. बायकांना गोष्ट कळते. मत बनवायचं तर बुद्धीला बैठक लागते. आणि ती कशी असते हे दाखवायला त्यांनी वही उघडली आणि यांचा एक अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवला. तोच, बायको तीनदा येते तो. मग म्हणाले, असं एखादी स्त्री लिहू शकेल का ते सांगा.

मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? तर म्हणाले, मी काय म्हणणार, माझंच कौतुक चाललेलं.

मला आजवर आयुष्यात राग पुष्कळ आले, पण त्या दिवशीसारखा आला नाही. ताट तसंच उचलून भिंतीवर मारावं असं वाटलं. मारलं नाही, वर आमटी वाढली. समितीने म्हणे निर्णय कळवण्यासाठी बाईंना पुढच्याच्या पुढच्या रविवारी बोलावलं होतं, सभ्यपणे नाही म्हणायला.

त्याच दिवशी यांनी नवं पुस्तक आणलं होतं. कोण्या पेन्शनर अंमलदाराच्या आठवणी, चारशे सोळा पानं. लेखक कधीकाळी दोन वर्षं खानदेशात होते, म्हणून गावात त्या पुस्तकावर उड्या पडल्या होत्या. आधी ते वकीलसाहेबांनी नेलं, मग मामलेदारांनी, मग डॉक्टरांनी. तिघांचे अभिप्राय वहीत पडले होते आणि यांनी ते मला सांगितलेही. साहेबांनी लिहिलं होतं, प्रत्येकाने संग्रही ठेवावं. मामलेदारांनी, शैली भारदस्त. डॉक्टरांनी, तरुणांना बोधप्रद.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते उघडलं. सोळा पानं कापलेली होती. सतरावं पान उघडेना. पुढचं उघडेना. मी उभं धरून बघितलं, आडवं धरून बघितलं. सोळा पानांच्या पुढे शेवटापर्यंत सगळी पानं जशी छापखान्यातून आली तशी बंद. तीन विद्वानांच्या घरी तीन आठवडे राहून आलेलं पुस्तक! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही. मी अक्कांना दाखवलं. त्या इतक्या हसल्या की सूप सांडलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बठ्ठा एकच माळना मणी शेतस."

मी उलथणं आणायला उठले आणि परत बसले. ठरवलं, हे पुस्तक कापायचं नाही.

सुरुवातीच्या सोळा पानांत अनुक्रमणिका होती. शेवटचं प्रकरण एकतिसावं, नाव नुसतं ‘निरोप’. या नावाखाली काहीही मावतं. मी अक्कांना म्हटलं, यात काय घालू? अक्का म्हणाल्या, "पूर टाकी दे त्यामा." आणि त्यांनी मला त्यांच्या लहानपणची एक हकीकत सांगितली. गिरणेला पूर आला होता, कोणी एक अंमलदार छकड्यासकट त्यात सापडला, गावच्या भिल्लाने वाळके भोपळे बांधून केलेल्या सांगडीवर घालून त्याला काठाला आणला. पागोटं गेलं, बूट गेले, कागद गेले. अक्कांच्या आजीने त्याला भाकरी दिली आणि विचारलं, तू कोण बाबा? तर तो भाकरी हातात धरून नुसता बघत राहिला. आपण कोण ते त्याला सांगताच येईना.

शनिवारी यांनी विचारलं तेव्हा मी हीच हकीकत प्रकरण एकतिसावं म्हणून सांगितली. म्हटलं, बाकीचं पुस्तक असू द्या, पण लेखकाने आयुष्यात एकदा आपली खुर्ची वाहून गेलेली बघितली आणि ती लिहिली, यासाठी हे पुस्तक वाचावं. यांनी सगळं टिपून घेतलं. एक क्षण मला वाटलं, सांगून टाकावं. पण मग यांनी विचारलं, भारदस्त हा शब्द मामलेदारांनी वापरलाय, मी हृदयस्पर्शी घालू का? मी म्हटलं, घाला.

रविवारी हे घरी आले ते तरंगतच. एवढा रंगलेला रविवार म्हणे कधी झाला नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, त्या भाकरीच्या प्रसंगाशी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण लिहायचा संकोच वाटला. मामलेदार म्हणाले, मी त्या भागात नोकरी केलेली आहे, गिरणेचा पूर अगदी असाच असतो, लेखकाने एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. डॉक्टरांनी मात्र मतभेद नोंदवला. त्यांच्या मते प्रसंग चांगला, पण पुराचं वर्णन थोडं लांबलं आहे.

हे ऐकून अक्का चिडल्या. "त्यानी कवय देखा पूर?" डॉक्टराने पूर बघितलाय कधी, एवढं म्हणून त्या आत निघून गेल्या. यांना आईच्या रागाचं कारण कळलं नाही.

पुढच्या रविवारी शाळेतल्या बाई, मी आणि अक्का अशा तिघी माडी चढलो. मी येणार हे यांना माहीत होतं, सही केलीच होती; मी बोलणार हे माहीत नव्हतं. वकीलसाहेब उठून उभे राहिले, अक्कांना मातोश्री म्हणाले, खुर्च्या दिल्या. अशा आदराने नाही म्हणतात की ऐकणाऱ्याला आपणच चुकलो असं वाटावं. त्यांनी नियम सांगितला. बाई म्हणाल्या, मग आमची परीक्षा घ्या, एखादं पुस्तक द्या. मामलेदार हसले आणि म्हणाले, परीक्षेचा प्रश्न नाही, परंपरेचा आहे.

मी उठले. म्हटलं, त्या अंमलदारांच्या आठवणींवर मला बोलायचं आहे, पण आधी साहेबांनी एकतिसाव्या प्रकरणातला पुराचा प्रसंग वाचून दाखवावा. सगळ्यांना तो इतका आवडला आहे, बाईंनी तो ऐकलेला नाही.

वकीलसाहेबांना वाचून दाखवायची हौस होती. ग्रंथपालांनी पुस्तक आणलं. साहेबांनी चष्मा चढवला, शेवटची पानं धरली, अंगठा सरकवला. अंगठा कुठे शिरेना. त्यांनी पुस्तक जरा तिरपं केलं. पुन्हा अंगठा. डॉक्टर सवयीने म्हणून गेले, कोणाजवळ चाकू आहे का? आणि म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

अक्कांनी पदराखालून उलथणं काढलं. ते त्यांनी आणलंय हे मलाही माहीत नव्हतं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हाई ल्या. कापा, अन् वाचा."

ग्रंथपालांनी उलथण्याकडे बघितलं, मग कपाटातल्या पुस्तकांच्या पिवळ्या कडांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या माडीवर त्या दिवशी सगळं कळलेला माणूस तो एकटा.

बाकीच्यांना मामलेदारांनी वाचवलं. खाकरून म्हणाले, ही प्रत बदललेली दिसते. वाचनालयात त्या पुस्तकाची दुसरी प्रत नव्हती. पण बुडत्याला काडीचा आधार, सगळ्यांनी ती काडी धरली. वकीलसाहेब वळले आणि कोर्टात साक्षीदाराला विचारतात त्या आवाजात त्यांनी यांना विचारलं, "तुम्ही नेली होती ती प्रत हीच का?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन आठवडे मनाशी एक हिशेब धरून बसले होते, तो आता सांगते. मला वाटत होतं, हे एकदा तरी माझ्याकडे बोट दाखवतील. नुसतं म्हणतील, हिला विचारा. तेवढं म्हटलं असतं तर मी सगळं हसण्यावारी नेलं असतं, पूर मी घातला म्हणून सांगितलं असतं, सगळ्यांची अब्रू पदरात झाकून घेतली असती.

"नाही साहेब," हे म्हणाले. "ती वेगळी होती."

मी खाली बसले. बोलायचं बरंच ठरवून गेले होते, त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. रडूही आलं नाही. फक्त खूप थकल्यासारखं वाटलं.

समितीला मात्र आता आमचा विषय मिटवायची घाई झाली. त्याच बैठकीत ठराव झाला की स्त्रियांना सभासद करून घ्यावं, आणि त्यांच्या घरच्या जबाबदाऱ्या लक्षात घेऊन त्यांना अभिप्रायाची सक्ती नसावी. पुढच्या आठवड्यात दुसरा ठराव झाला, वादविवाद टाळण्यासाठी अभिप्रायाची पद्धतच बंद. टेबलाची सुतळी कापली आणि वही कपाटात कुलपात गेली. म्हणजे मला माडीवर घेतलं आणि मी आत पाऊल टाकताच बोलायचं दार लावून घेतलं. रविवारी दुपारी आता तिथे पत्ते चालू लागले, आणि खरं सांगायचं तर त्या मंडळींना ते जास्त जमायचं.

ग्रंथपालांनी मला कधी काही विचारलं नाही. पण त्यानंतर नवं पुस्तक आलं की ते आधी माझ्यासाठी बाजूला ठेवलेलं असायचं, न कापलेलं.

घरी आमच्यात मीठ वाढण्यापुरतं बोलणं राहिलं. मी यांना न सांगता यांच्या साहेबांसमोर यांनाच उघडं पाडायला निघाले होते, ते मी बरोबर केलं असं आजही म्हणत नाही. कारकुनाची बायको होते, कारकुनाला साहेबासमोर काय काय गिळावं लागतं हे मला माहीत होतं. पण मीही चार वर्षं गिळतच होते, तेही खरं.

पंधरा-वीस दिवसांनी हे तेच पुस्तक परत घरी घेऊन आले. अक्कांकडून उलथणं मागून घेतलं आणि ओसरीवर बसून पानं कापायला लागले. हाताला सवय नाही, दहा पानं तर मधूनच फाटली. मी स्वयंपाकघरातून बघत होते, उठले नाही. रोज कोर्टातून आल्यावर हे वाचायचे, ओठ हलवत, एकेका पानावर बोट ठेवून. दीड महिना लागला. पुढे पुढे सकाळीही वाचत बसायचे, आंघोळीला उशीर होऊन साहेबांची बोलणीही खाल्ली.

एका रविवारी हे जेवायला बसले. माडीवर पत्त्यांना गेले नव्हते. मी भाकरी वाढली. ती हातात धरून म्हणाले, "सगळं वाचलं. पूर कुठेच नाही."

मी म्हटलं, ठाऊक आहे.

हे बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. भाकरी तशीच हातात. मग म्हणाले, "पूर हवा होता. चारशे सोळा पानांत हा माणूस एकदाही बुडत नाही. एकदा तरी बुडायला हवा होता."

त्यांचं स्वतःचं असं हे पहिलं मत, आणि ते बरोबर होतं. लिहायला वही राहिली नव्हती, म्हणून मी ते इथे लिहून ठेवते आहे. खाली नाव त्यांचंच समजावं. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही.